आभासी प्रयोगशाळा

मुलांनो, पूल बांधण्यापूर्वी त्याला लागणारे पोलाद किती ताण सोसते, हे अभियंत्याला ठाऊक असावेच लागते. ते कसे कळते? पोलादाची कांब यंत्राच्या दोन जबड्यांत पकडून ती तुटेपर्यंत ओढतात. मऊ पोलादाची कांब आधी लांबते, मग एका जागी बारीक होते आणि अखेर मोठा आवाज करून तुटते. बिडाची कांब मात्र फारशी न लांबता एकाएकी तुटते. हा फरक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने स्वतः पाहावा लागतो.

परंतु तुटलेली कांब पुन्हा वापरता येत नाही. यंत्रही महाग असते. एका यंत्राभोवती वीस विद्यार्थी जमले, की मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात! या अडचणीवर आभासी प्रयोगशाळेचा उपाय निघाला. आभासी म्हणजे केवळ भासणारी. संगणकाच्या पडद्यावर यंत्र दिसते. विद्यार्थी कांब निवडतो व भार वाढवतो. ती किती लांबेल, हे संगणक गणिताने काढून दाखवतो. कांब दहा वेळा तोडली तरी नवी आणावी लागत नाही.

भारतात केंद्र सरकारच्या साहाय्याने अशा अनेक प्रयोगशाळा तयार झाल्या. दिल्ली व मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि १८५४ साली स्थापन झालेले, आता विद्यापीठ बनलेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांचा त्या कार्यात सहभाग आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे महाविद्यालये बंद पडली, तेव्हा घरी बसलेल्या विद्यार्थ्यांना आभासी प्रयोगांचा मोठा आधार झाला.

मग खरी प्रयोगशाळा नकोच का? तसे नव्हे. खऱ्या कांबेचा तुटलेला भाग हाताला ऊन लागतो. पडद्यावरची कांब तो अनुभव देत नाही. खरी कांब कधी जबड्यातून निसटते, कधी तिच्यात लपलेला दोष निघतो. अशा वेळी काय करावे, हे प्रत्यक्ष कामातच कळते. पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही, ते काही खोटे नाही.

म्हणून विद्यार्थ्याने पडद्यावर निर्भयपणे चुका कराव्यात, त्यांची कारणे शोधावीत आणि मग खऱ्या यंत्रापाशी जावे. उद्या त्याने बांधलेल्या पुलावरून हजारो माणसे जातील. तेथे झालेली चूक पुसून टाकता येत नाही.

प्रश्न
१. मऊ पोलाद व बीड यांच्या तुटण्यात कोणता फरक आहे?
२. आभासी प्रयोगशाळेमुळे कोणत्या अडचणी दूर होतात?
३. खरी प्रयोगशाळा का आवश्यक आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.