आधी अनवाणी उभं राहून उंची मोजा

"सँडल काढ आणि टाचा भिंतीला टेकव," असं एअरलाइनच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मनात कसलीच धाकधूक नव्हती. केबिन क्रूच्या मुलाखतीसाठी घेतलेला अंधेरीतल्या एका हॉटेलचा हॉल होता, बाहेर जिन्यापर्यंत मुलींची रांग. पहाटे चारला उठून मी अंबाडा घातला होता आणि एकही केस सुटू नये म्हणून पिनांवर पिना लावल्या होत्या. गार फरशीवर अनवाणी उभी राहिले, डोक्यावर पट्टी टेकली. बाईंनी आकडा वाचला, मग पुन्हा एकदा मोजलं. १५३ सेंटिमीटर. "आम्हाला १५५ लागते गं," त्या म्हणाल्या आणि बायोडाटा माझ्या हातात परत दिला. वर्षभर ज्या प्रश्नांची तयारी केली होती, त्यातला एकही कुणी विचारला नाही.

एअर होस्टेस ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमधल्या त्या वर्षाची फी होती १ लाख ६० हजार रुपये. माझं गाव तासगावजवळ, घरची द्राक्षबाग. वडिलांनी निम्मे पैसे सोसायटीतून उचलले, उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. पुण्यातल्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेशाच्या दिवशी माझी उंची मोजली होती, पण चपला घालून. मी विचारलं, तर काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "पोश्चर सुधारलं की दोन सेंटिमीटर सहज वाढतात." वडील शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि चेकवर सही केली. ती सही मला अजून दिसते.

आता दहा वर्षांहून जास्त काळ मी विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये आहे. ओळखीपाळखीतून मुली येतात, त्यांच्या आया फोन करतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

केबिन क्रू व्हायला कुठल्याही डिप्लोमाची अट नसते. बारावी पास, भारतीय पासपोर्ट, इंग्रजी आणि हिंदी बऱ्यापैकी बोलता येणं, वय साधारण १८ ते २७ आणि उंची. मुलींसाठी बहुतेक भारतीय कंपन्या १५५ सेंटिमीटर धरतात. निवड झाल्यावर कंपनी स्वतःच ट्रेनिंग देते: आग विझवणं, प्रथमोपचार, दरवाजा उघडून घसरगुंडी फुगवणं, पाण्यात उतरावं लागलं तर काय करायचं. हे केल्याशिवाय विमानात पाऊल ठेवता येत नाही आणि बाहेरच्या सर्टिफिकेटमुळे त्यातला एक दिवसही कमी होत नाही. इन्स्टिट्यूटमध्ये बोलण्याचा धीर येतो, हे मी नाकारत नाही. पण तो धीर दीड लाखाचा नसतो. तालुक्याच्या गावी चांगला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला तरी तो येतो.

उंचीची अट दिसण्यासाठी आहे, असं मला तेव्हा वाटायचं. ते खरं नाही. विमानात डोक्यावरच्या कप्प्यांत फक्त बॅगा नसतात. ऑक्सिजनचे सिलिंडर, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी यांतलं बरंच सामान तिथेच ठेवलेलं असतं आणि ते क्षणात हाताला लागलं पाहिजे. म्हणून काही कंपन्या उंचीबरोबर हात कुठवर पोचतो तेही बघतात. एमिरेट्सला किमान १६० सेंटिमीटर उंची लागते आणि चवड्यांवर उभं राहून हात २१२ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सात फुटांना जेमतेम अर्धा इंच कमी, पोचावा लागतो. भिंतीवर एक रेघ असते. बोटं रेघेला लागली तर पुढे, नाही तर घरी.

तेव्हा मोजमाप घरीच करा. अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं, पेन्सिलची खूण आणि मग टेप. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभर उभं राहून उंची सकाळपेक्षा सेंटिमीटरभर कमी भरते. १८-१९ वर्षांनंतर मुलीची उंची वाढत नाही. कुणी वाढवून देतो म्हणाला, तर तिथून उठा.

दुसरी गोष्ट गोंदणाची. माझ्या रूममेटची उंची १६२, इंग्रजी माझ्यापेक्षा सरस. तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसं तुळशीचं गोंदण होतं. ती सात-आठ वर्षांची असताना आजीने जत्रेत काढून घेतलेलं. युनिफॉर्मची बाही तिथवर येत नव्हती, दोन कंपन्यांनी तिला परत पाठवलं. मग तिने लेझर करून घेतलं. तुळस गेली आणि तिथे पांढुरका चट्टा राहिला. आजीची आठवण अशी पुसावी लागावी, हे मला आजही पटत नाही. पण युनिफॉर्ममध्ये दिसणारं गोंदण बहुतेक कंपन्यांना चालत नाही, हे मुलीला बारावीतच कळलेलं बरं.

रंगाचं मात्र मुद्दाम सांगते. जाहिरातीत नितळ त्वचा, नीटनेटके केस, स्वच्छ दात असं लिहिलेलं असतं. गोरेपणाबद्दल एक अक्षर नसतं. इन्स्टिट्यूटमध्ये आमच्याकडून मात्र फेशियलच्या पॅकेजचे वेगळे पैसे घेतले जायचे आणि सावळ्या मुलींना ते आधी गळ्यात मारलं जायचं. सावळ्या मुली रोज उड्डाणं करतात, मी त्यांना रोज बघते.

वजनाचंही असंच. २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, केबिन क्रूच्या वैद्यकीय तपासणीसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाची, मोजपट्टी घातली, त्यात महिलांसाठी १८ ते २२ हे प्रमाण धरलं. १५५ सेंटिमीटर उंचीला ५० किलो वजन त्यात आरामात बसतं. आमच्या हॉस्टेलवर मात्र मुली काकडी आणि ब्लॅक कॉफीवर राहायच्या. एक जण मुलाखतीत निवडली गेली आणि रक्त तपासणीत अडकली. हिमोग्लोबिन ८. भाकरी-भाजी सोडू नका. या नोकरीत पहाटे तीनला उठून जड ट्रॉली ढकलायची असते.

नियम कायमचे नसतात, हेही लक्षात असू द्या. पहिल्या गरोदरपणात एअर होस्टेसची नोकरी जाईल, असा एअर इंडियाचा नियम होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात तो रद्द केला. ज्यांनी तो लढा दिला त्या केबिनमध्ये काम करणाऱ्या बायकाच होत्या.  आणि ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत अपहरण झालेल्या विमानात आपत्कालीन दरवाजा उघडून प्रवाशांना बाहेर काढणारी, मुंबईत वाढलेली नीरजा भनोत अवघी २२ वर्षांची होती. प्रवाशांना सुखरूप बाहेर काढणं, हा या कामाचा गाभा आहे. अंबाडा आणि मेकअप आठवडाभरात शिकता येतो.

मुलीची उंची भरत नसेल तर तिला त्याच दिवशी स्पष्ट सांगा. चेक-इन, कार्गो, सुरक्षा तपासणी, विमानतळावर कामं पुष्कळ आहेत. मी त्यातल्याच एकात आहे आणि बहिणीचं लग्न मी याच पगारावर केलं. उंची भरत असेल तर अर्ज कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर करा. मुलाखतीला किंवा नेमणूकपत्राला कुणी पैसे मागितले, तर तो माणूस कंपनीचा नाही. निवडीनंतर बाँड पुढे आला, तर घरी आणून दोनदा वाचा, मगच सही करा. आणि बाबांनो, मुलीबरोबर प्रवेशाला जाताना एक टेप खिशात ठेवा. समोरच्यांनी चपलांसकट मोजलं, तर पुन्हा मोजायला सांगा.