नगरपरिषद घरमालक होते तेव्हा

प्रास्ताविक

भाड्याचे घर म्हटले की घरमालक आणि भाडेकरू अशा दोन व्यक्ती आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु घरमालक ही व्यक्ती नसून नगरपरिषद असेल तर? इंग्लंडमध्ये अशी व्यवस्था शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. ही घरे कशी उभी राहिली, त्यांची देखभाल कोणी करावयाची आणि रहिवाशांचे म्हणणे ऐकले गेले नाही तर काय घडते, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

घरांची निर्मिती

औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडच्या शहरांत कामगारांची दाटी झाली. लंडनमधील ओल्ड निकोल ही गलिच्छ वस्ती पाडून तेथील काउंटी कौन्सिलने बाउंडरी एस्टेट ही वसाहत बांधली. १९०० मध्ये तिचे उद्घाटन झाले. मात्र नव्या घरांचे भाडे जुन्या वस्तीतील बहुतेक गरिबांना परवडले नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या कायद्याने सरकारी अनुदान मिळू लागले आणि नगरपरिषदांनी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली.

भाडेकरू आणि भाडेपट्टाधारक

१९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राहते घर सवलतीच्या किमतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. सदनिका घेतली तरी इमारत नगरपरिषदेचीच राहते. घेणाऱ्याला दीर्घ मुदतीचा, बहुधा १२५ वर्षांचा, भाडेपट्टा मिळतो. त्यामुळे एकाच जिन्यावर दोन प्रकारचे रहिवासी राहू लागले.

भाडेकरू भाडे देतो. इमारतीचा सांगाडा, नळ, वीज आणि घर उबदार ठेवणारी यंत्रणा यांची दुरुस्ती नगरपरिषदेला करावी लागते. भाडेपट्टाधारक आपल्या सदनिकेची अंतर्गत दुरुस्ती स्वतः करतो. शिवाय छप्पर, जिना, उद्वाहन अशा सामाईक गोष्टींच्या खर्चाचा वाटा सेवाशुल्क म्हणून भरतो. छप्पर बदलण्याचा वाटा एखाद्या निवृत्त माणसाची पुंजी संपवू शकतो. म्हणून कायद्याने एक बंधन घातले आहे. एखाद्या कामात कोणाही भाडेपट्टाधारकाचा वाटा २५० पौंडांहून अधिक होणार असेल, तर आधी सर्वांना लेखी कळवून त्यांचे म्हणणे मागवावे लागते. तसे न केल्यास साधारणपणे २५० पौंडांपेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही.

तक्रारीचे मोल

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. ही इमारत नगरपरिषदेच्या मालकीची होती. आगीच्या धोक्याबद्दल काही रहिवाशांनी आधीच इशारे दिले होते.

डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा मरण पावला. भाड्याच्या सामाजिक घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याच्या मृत्यूचे कारण असल्याचा निष्कर्ष न्यायिक चौकशीत २०२२ मध्ये निघाला. त्याच्या पालकांनी वारंवार तक्रार केली होती. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. त्यानुसार तातडीच्या धोक्यावर २४ तासांत उपाय करावा लागतो आणि ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी कामकाजाच्या १० दिवसांत करावी लागते.

समारोप

घरे बांधून सार्वजनिक संस्थेचे कर्तव्य संपत नाही. खरे तर तेथूनच ते सुरू होते. भिंतीवरील ओल ही कार्यालयातील नोंदवहीत केवळ एक ओळ असते. घरात राहणाऱ्याला मात्र ती रोजच्या श्वासात जाणवते. म्हणूनच तक्रार लेखी द्यावी, तिच्यावर तारीख घालावी आणि पोच घेऊन ती जपून ठेवावी.

स्वाध्याय

१. बाउंडरी एस्टेटमुळे जुन्या वस्तीतील बहुतेक गरिबांचा प्रश्न का सुटला नाही?
२. भाडेकरू आणि भाडेपट्टाधारक यांच्या जबाबदाऱ्यांतील फरक स्पष्ट करा.
३. आपल्या घराच्या छपरातून पाणी गळते आहे, अशी कल्पना करून संबंधित अधिकाऱ्यांना तक्रार-अर्ज लिहा.