फळी त्याचीच राहू द्या

'ताई, तुम्ही तरी त्याला समजवा. घरभर त्या माना हलवणाऱ्या बाहुल्या झाल्यात!'

रविवारी मराठी शाळा सुटली की पार्किंग लॉटमध्ये मला हमखास ऐकायला मिळणारं हे वाक्य. इथे न्यू जर्सीत एप्रिल लागला, बेसबॉलचा हंगाम सुरू झाला, की त्याचा सूर जरा चढतो. बॉबलहेड म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्याच कपाटांवर ते उभे आहेत. वीतभर उंची, अंगाला न शोभणारं भलंमोठं डोकं, मानेत स्प्रिंग. शेजारून कुणी धपाधप पावलं टाकत गेलं तरी सगळे एकदम होकार देतात. पुण्याहून आलेल्या एका आजींनी नातवाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, 'अगंबाई, एवढे नंदीबैल कुणी पाळले?' नंदीबैल नातवाला ठाऊक नव्हता. मग आजींनी गुबूगुबू वाजवत दारात येणाऱ्या नंदीबैलाची गोष्ट सांगितली, त्याने आजींना बेसबॉलपटू ॲरन जज कोण ते सांगितलं, आणि तासभर दोघंही खोलीबाहेर आली नाहीत. त्या मुलाच्या आईची तक्रार मात्र अजून चालूच आहे.

तर आज थोडं निवांत बोलू. मुलाला मी समजावणार नाही. मला बोलायचंय ते तुमच्याशी.

माझ्याकडे येणारे आईबाप दोन तऱ्हेचे. एकांना ही सगळी अडगळ वाटते. धूळ बसते, पैसा जातो, आणि उपयोग काय? दुसरे मात्र खूश असतात. त्यांनी ईबेवर किंमती पाहिलेल्या असतात. कोणता खोक्यातून बाहेर काढायचा नाही, कोणता दहा वर्षांनी विकायचा, हे सगळं त्यांनी ठरवून टाकलेलं असतं. एका बाबांनी तर संगणकावर तक्ता केलाय आणि मुलगा कॉलेजच्या अर्जात यावर निबंध लिहील, अशी त्यांची योजना आहे. मुलगा चौथीत आहे. खरं सांगू? मला पहिल्या तऱ्हेपेक्षा या दुसऱ्या तऱ्हेची जास्त काळजी वाटते. ओरडा खाऊनही छंद टिकतो. आईबापांनी ताब्यात घेतलेला छंद टिकत नाही. आपल्या मुलांच्या बुद्धिबळाचा क्लास झाला, पेटीचा झाला, पोहण्याचा झाला. या एका फळीचा क्लास होऊ देऊ नका.

साधारण सात ते अकरा या वयात मुलांना वर्गवारी लावणं आणि क्रम लावणं नीट जमायला लागतं, असं स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी सांगून ठेवलंय. जमायला लागलं की ते करत राहावंसं वाटतं. म्हणून तुमचा मुलगा आज सगळे पिचर एका रांगेत लावतो, उद्या संघांप्रमाणे लावतो, परवा आवडत्या-नावडत्याप्रमाणे. तुम्हाला तो वेळ घालवताना दिसतो. तुम्ही या वयात काय करत होतात ते आठवा. काडेपेटीवरची चित्रं, पोस्टाची तिकिटं, बिग फन बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रं. त्यासाठी किती बबलगम चघळलेत ते तुमच्या आईला विचारा. ती सांगेल.

या बाहुल्यांचा इतिहासही तुम्हाला वाटतो तितका उथळ नाही. मान डोलावणाऱ्या चिनी मूर्ती अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत पोचल्या होत्या. योहान झोफनीने इंग्लंडच्या राणी शार्लटचं जे चित्र काढलं, त्यात मागे तशा मूर्ती उभ्या दिसतात. आपल्याकडे म्हणाल तर तंजावरची मान डोलावणारी बाहुली आहे, तलैयाट्टी बोम्मै. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशजांनी जिथे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं राज्य केलं, ते हे तंजावर. या बाहुलीला भौगोलिक मानांकनही आहे. पुढच्या भारतभेटीत एक आणा आणि नुसती त्याच्या हातात द्या. ती फळीवर ठेवायची की नाही ते त्याला ठरवू द्या. बेसबॉलवाल्यांत ती बसत नाही असं तो म्हणाला, तर ते त्याचं शास्त्र आहे.

अमेरिकेत बेसबॉलचे बॉबलहेड आले ते 1960 च्या सुमारास, जपानहून, कागदाच्या लगद्याचे. प्रत्येक संघाची एक बाहुली, आणि सगळ्यांना एकच गुटगुटीत बाळाचा चेहरा. लगोलग खेळाडूंच्या नावाचे पहिले बॉबलहेड निघाले: रोबर्टो क्लेमेंटे, मिकी मँटल, रॉजर मॅरिस आणि विली मेझ. चेहरा मात्र चौघांचाही तोच. ओक्लाहोमाचा गोरा मँटल, अलाबामाचा काळा मेझ, पोर्तो रिकोचा क्लेमेंटे, सगळे एकाच साच्यातले! हे मी एकदा वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, 'मग ओळखायचं कसं?' त्यावर जी चर्चा झाली, ती मी मुद्दाम घडवून आणायची म्हटली असती तर झाली नसती. मुलीही जमवतात बरं का. तिच्याकडे बास्केटबॉलवाली केटलिन क्लार्क आहे.

क्लेमेंटेची गोष्ट मुलांकडून ऐका. त्यांना ती माहीत असते, आपल्याला नसते. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा खेळाडू. कारकिर्दीत बरोबर 3,000 हिट्स. डिसेंबर 1972 मध्ये निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोचत नाही असं कळल्यावर हा गडी स्वतः सामान घेऊन निघाला. 31 डिसेंबरला पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ विमान समुद्रात कोसळलं. तेव्हा तो 38 वर्षांचा होता. एका आठ वर्षांच्या मुलाने मला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, 'म्हणून मी त्याला पुढे ठेवतो.' संस्कार, संस्कार म्हणून आपण ज्याच्या मागे लागतो, त्यातलं थोडं काही या फळीवर आपसूक चाललेलं असेल, तर आपण मध्ये बोलू नये.

आणि विचारा. 'उपयोग काय?' हे नका विचारू, 'हा कोण?' हे विचारा. आपल्या घरांत मुलं दिवसभर आपल्याकडून शिकत असतात: जेवायचं कसं, मोठ्यांशी बोलायचं कसं, 'ळ' म्हणायचा कसा. हा एकच विषय असा, की ज्यात त्याला येतं आणि आपल्याला येत नाही. ज्या बाबांचं बालपण गावसकर आणि वेंगसरकर यांच्यावर गेलं, त्यांना शॉर्टस्टॉप कुठे उभा राहतो ते माहीत नसतं. मग मुलगा सोफ्यावरच्या उशा मांडून मैदान दाखवतो. त्याला म्हणावं, मराठीतून सांग. (इथे मी माझी पोळी भाजून घेतेय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण 'चेंडू टप्पा न पडता झेलला तर बाद, नाहीतर पळत सुटायचं' हे वाक्य ज्याने अडखळत का होईना जुळवलं, त्याला माझ्या परीक्षेची भीती नाही.)

आता पैशांचं. स्टेडियममध्ये वाटले जाणारे बॉबलहेड फुकट, ही मुलांची समजूत असते. तिकीट, पार्किंग, चौघांचं खाणं हे धरलं की ते किती फुकट असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण त्यालाही कळू द्या. हंगामाचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. त्याच्यासमोर ठेवा आणि सांगा, यातला एक दिवस निवड. त्या एका निवडीसाठी तो आठवडाभर डोकं लढवेल. प्रत्येक वेळी मोठ्या संघाकडेच जायला हवं असंही नाही. ब्रिजवॉटरला आपण बालाजीच्या देवळात जातो, त्याच गावात सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. न्यूयॉर्क यँकीजचा खालच्या पातळीवरचा संघ, तिकिटं परवडणारी, आणि तिथेही बॉबलहेडचे दिवस असतात.

मोठ्या संघांच्या दिवशी काय गर्दी उसळते ते पाहायचं असेल तर 28 ऑगस्ट 2024 घ्या. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओतानी आणि त्याचा कुत्रा डेकॉय यांचा जोडीचा बॉबलहेड वाटला, पहिल्या 40,000 प्रेक्षकांना. तास न् तास आधी लोक रांगेत. पहिला चेंडू टाकायचा मान डेकॉयचा; त्याने तो तोंडात धरून ओतानीकडे नेला. मग त्याच सामन्यात ओतानीने पहिल्याच खेळीत होमरन मारला. अशा दिवशी तुम्ही मुलाला नेलंत तर उत्तमच. नाही नेलंत तर तो रडेल, आणि ईबेवर दुसऱ्या दिवशी तीच बाहुली चढ्या भावाने दिसेल. तेव्हा लगेच विकत घेऊन देऊ नका. हवं ते उशिरा मिळतं किंवा मिळतच नाही, हे आपल्या मुलांना अनुभवायला मिळण्याच्या जागा कमी आहेत.

कधी कधी तर ते संघालाही मिळत नाही. मार्च 2024 मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स या हॉकी संघाने यारोमिर यागरचे बॉबलहेड वाटायचं जाहीर केलं होतं. माल परदेशातून कॅलिफोर्नियात उतरला आणि तिथूनच चोरीला गेला! प्रेक्षकांना त्या रात्री नुसत्या चिठ्ठ्या मिळाल्या. माल नंतर सापडला आणि लोकांना बाहुल्या मिळाल्या. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर 2013 च्या सप्टेंबरात यँकी स्टेडियममध्ये मरियानो रिव्हेराचा बॉबलहेड होता. माल आणणारा ट्रकच बंद पडला आणि लोक चिठ्ठ्या घेऊन ताटकळत राहिले. या गोष्टी मुलांना प्रचंड आवडतात. बाहुली कुठे बनते, बहुतेक चीनमध्ये का बनते, रंग हाताने कसा देतात, जहाजाला किती दिवस लागतात, असे प्रश्न मग तेच विचारू लागतात.

किंमतीचं भूत मात्र लवकर उतरवा. ईबेवर कुणीतरी हजार डॉलर मागतोय म्हणून ती बाहुली हजाराची होत नाही. मागितलेली किंमत आणि खरोखर विकली गेलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी असतात. विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी बघता येते, ती त्याला दाखवा. एवढं केलंत की पुरे. खोकं फोडायचं की नाही ते त्याचं. मी खोकं फोडणाऱ्यांच्या बाजूची आहे. ज्या बाहुलीची मान कधी हललीच नाही ती ठेवून करायचं काय?

अदलाबदलीत तर अजिबात पडू नका. तुमच्या मुलाने दोन देऊन एक घेतला आणि तुम्हाला तो सौदा तोट्याचा वाटला, म्हणून समोरच्या मुलाच्या आईला फोन करू नका. त्याला त्या एकाची ओढ असेल. किंवा तो खरंच फसला असेल. पुढच्या वेळी फसणार नाही.

धाकटीने बॅट मोडली तर? मोडणारच. सगळ्यात आधी बॅट मोडते, मग हात, मग मानेची स्प्रिंग. 'एवढं काय त्यात, दुसरा आणू' हे वाक्य गिळा. धाकटीला ओरडण्याआधी गोंद आणा आणि थोरल्याला जोडू द्या. जोडलेली जागा दिसेल. माझ्या माहितीतला एक मुलगा अशा सगळ्या जखमींची वेगळी रांग लावतो, बेसबॉलवाल्यांच्या शब्दांत 'इन्जर्ड लिस्ट'.

जागेची मर्यादा तुम्ही जरूर घाला. घर तुमचं आहे. एक फळी, फार तर दोन. भरली की नवा आणायला जुना काढायचा. पण कोणता काढायचा ते त्यालाच ठरवू द्या, आणि तो शाळेत गेलेला असताना कधीही काढू नका. पुढे तो कॉलेजला गेला आणि तळघरात खोकी राहिली, तरीसुद्धा फोन करून विचारा. आपल्यापैकी किती जणांची तिकिटांची वही आपण बाहेरगावी शिकायला गेल्यावर रद्दीत गेली, ते मी वेगळं सांगायला नको.

शिकागोकडचे कुणी नातेवाईक असतील तर उन्हाळ्यात त्यांच्याकडून मिलवॉकीला जाऊन या, गाडीने दीड तास. तिथे 2019 पासून नॅशनल बॉबलहेड हॉल ऑफ फेम अँड म्युझियम आहे, हजारो बाहुल्या एकाच छताखाली. निग्रो नॅशनल लीगची स्थापना 1920 ची. तिच्या शताब्दीनिमित्त त्या काळच्या संघांच्या बाहुल्यांची मालिका याच संग्रहालयाने काढली होती. काळ्या खेळाडूंना वेगळं का खेळावं लागलं, हा प्रश्न तिथे येणारच. उत्तर तयार ठेवा. तिथे जाऊन आलेल्या एका मुलीने मला पुढच्या रविवारी जातीबद्दल विचारलं होतं.

आणि रांगेत उभं राहायला बरोबर जा. दार उघडायच्या बऱ्याच आधी जावं लागतं, ऊन असतं, बसायला जागा नसते. पोळीचे रोल चालतात का, स्टीलची बाटली आत नेऊ देतात का, ते त्या स्टेडियमचे नियम आधी वाचून बघा. बऱ्याच ठिकाणी स्टीलची बाटली दारातच काढून घेतात. फोन खिशात ठेवा. पुढे-मागे उभे असलेले लोक पन्नास-पन्नास वर्षं हे जमवणारे असतात आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच असतं. तुमच्याशी नाही, तुमच्या मुलाशी.