मूल हवंय, पाळी अनियमित आहे: पैसे कुठे लागतात, कुठे वाया जातात

माझ्या धाकट्या बहिणीची फाईल मी पहिल्यांदा नीट वाचली ती तिच्या लग्नाला तीन वर्षं झाल्यावर. चौदा महिन्यांच्या पावत्या होत्या. एएमएच तीनदा, प्रोलॅक्टिन चारदा, ‘हॉर्मोन प्रोफाइल’ नावाचं पॅकेज दोनदा, वर दर महिन्याला हजार-बाराशेची पावडर. डॉक्टरांची फी धरून पन्नास हजारांच्या वर गेले होते. आणि त्या अख्ख्या फाईलमध्ये तिच्या नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा एकही कागद नव्हता.

त्या दिवसापासून मला कुणी पीसीओडी, म्हणजेच पीसीओएस, आणि मूल याबद्दल विचारलं, की मी आधी क्रम सांगते. हॉर्मोनच्या बिघाडामुळे दिवस राहत नसतील तर बहुतेक बायकांचं पहिलं औषध स्वस्तच असतं. पैसा जातो तो उलट्या क्रमाने केलेल्या तपासण्यांत. पुढचे आकडे पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांतल्या खाजगी दरांचा साधारण अंदाज आहेत. मुंबईत जास्त धरा, आणि कुठेही गेलात तरी आधी विचारा.

पहिला प्रश्न, थांबायचं किती? पाळी नियमित असेल आणि वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टर गाठावा. पस्तिशीनंतर सहा महिने. पण पाळी दोन-दोन महिन्यांनी येत असेल, वर्षात आठ वेळाही येत नसेल, तर हा हिशेब लागू नाही. अशा पाळीत बीज नियमित तयार होत नसतं, त्यामुळे लगेच जावं.

पहिली तपासणी नवऱ्याची. तीनशे ते हजार रुपये, दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक सकाळ. अहवाल बिघडलेला आला तर महिनाभर थांबून एकदा परत करायची. घरात हा विषय काढणं अवघड जातं, मला ठाऊक आहे. सासूबाईंसमोर तर नकोच वाटतं. तरीही इतर कुठल्याही तपासणीपेक्षा ही आधी झाली पाहिजे, कारण दोष तिथे असेल तर बायकोला दिलेल्या गोळ्यांचे सहा महिने फुकट जातात.

तिच्या तपासण्यांत टीएसएच म्हणजे थायरॉइड, दोनशे ते चारशे रुपये. प्रोलॅक्टिन, चारशे ते सातशे. पोटाची किंवा योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी, आठशे ते दीड हजार. साखरेसाठी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची तपासणी, दोनशेच्या आसपास. पीसीओएसमध्ये ही साखरेची तपासणी महत्त्वाची आहे, कारण साखर वाढलेली असेल तर ती गर्भ राहण्याआधी आटोक्यात यायला हवी. तिच्याऐवजी अनेक पॅकेजांत ‘फास्टिंग इन्सुलिन’ असतं. पीसीओएसवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रोजच्या उपचारांत त्याची गरज नाही. ते गाळा.

पीसीओएसचं निदान २००३ साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांवर होतं. अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोन वाढल्याची लक्षणं किंवा अहवाल, आणि सोनोग्राफीतल्या बारीक गाठींसारख्या दिसणाऱ्या अंडाशयांचं चित्र, या तिन्हींपैकी दोन असावी लागतात, आणि थायरॉइड-प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. नुसत्या सोनोग्राफीवर ‘पीसीओडी’ लिहून आलं म्हणून घाबरू नका. २०२३च्या सूचनांनी प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणी चालेल असं म्हटलं आहे. म्हणजे एक तर हे, नाहीतर ते. एएमएचला दीड ते अडीच हजार पडतात, ते पीसीओएसमध्ये बहुधा वाढलेलंच असतं, आणि दर चार महिन्यांनी परत करून उपचारात काहीही बदलत नाही. माझ्या बहिणीने ते तीनदा केलं होतं.

आता थोडं प्रोलॅक्टिनबद्दल, कारण इथे एका आकड्यावरून बाई थेट मेंदूच्या एमआरआयला पाठवली जाते, आणि सात ते बारा हजार जातात. प्रोलॅक्टिन धावपळीने, ताणाने, सुई टोचण्याच्या भीतीनेही वाढतं. मळमळीवरच्या डोमपेरिडोनने वाढतं, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी वाढतं. थायरॉइड मंद असेल तर त्यानेही वाढतं, आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली की पुष्कळदा आपोआप खाली येतं. म्हणून थोडंच वाढलेलं असेल तर सकाळी, उठून तासभर झाल्यावर, शांत बसून ते एकदा परत करावं. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना सांगावं, पण मनानेच त्या बंद करू नयेत. दुसऱ्यांदाही जास्त आलं, तर एमआरआयचा विषय काढणं रास्त.

आणखी एक बारीक गोष्ट. पीसीओएसमध्ये केस गळतात, म्हणून बऱ्याच जणी बायोटिनच्या गोळ्या घेत असतात. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइड आणि इतर हॉर्मोनचे अहवाल चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवा. पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर पुरुषी हॉर्मोनच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

उपचाराचा मुख्य खर्च ऐकून बहुतेकींचा विश्वास बसत नाही. लेट्रोझोल नावाची गोळी, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. एका चक्राच्या गोळ्या दीडशे-दोनशे रुपयांत येतात, मात्रा वाढली तर थोडे जास्त. औषधवाला म्हणतो, ‘ताई, ही कॅन्सरची गोळी आहे, कशासाठी हवी?’ आणि बाई रिकाम्या हाताने घरी येते. गोळी मूळची स्तनाच्या कर्करोगावरची, हे खरं आहे. भारतात २०११ साली तिच्या वंध्यत्वावरच्या वापरावर बंदीही आली होती. २०१७ मध्ये ती उठली. पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर अमेरिकेत झालेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच चक्रांपर्यंत उपचार झाले, आणि लेट्रोझोलवर २७.५ टक्के, जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के जणींना मूल झालं. आज बीज तयार होण्यासाठी पहिली पसंती लेट्रोझोलचीच आहे. अर्थात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. सोबत गरजेप्रमाणे मेटफॉर्मिन. जन औषधी केंद्रात ते फारच स्वस्त मिळतं. फॉलिक ॲसिडची गोळी तर रुपया-दोन रुपयांची, आणि ती प्रयत्न सुरू करण्याआधीपासूनच घ्यायची.

गोळी स्वस्त, पण बीज वाढतंय का हे बघणारी फॉलिक्युलर स्टडी महाग पडते. एका चक्रात चार-पाच सोनोग्राफ्या, मिळून दीड ते तीन हजार. खरा भार प्रवासाचा. तालुक्याहून दर एक दिवसाआड शहरात यायचं, एसटीचं भाडं, बुडालेली रोजी, आणि ऑफिसात दर वेळी नवं कारण. यावर एक सोपा उपाय आहे. सोनोग्राफी तालुक्यालाच करा आणि अहवाल शहरातल्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवा. बरेच डॉक्टर याला तयार असतात. पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

बीज फुटलं का हे कळण्यासाठी ‘एकविसाव्या दिवशी’ प्रोजेस्टेरॉन करायला सांगतात. पाळी चाळीस दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवशी बीज फुटलेलंच नसतं, आणि पाचशे रुपये जातात. पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी, किंवा सोनोग्राफीत बीज फुटलेलं दिसल्यावर आठवड्याने करा. घरच्या घरी लघवीत बघायच्या ओव्ह्युलेशन पट्ट्याही जपून घ्या. त्या मोजतात ते एलएच हॉर्मोन पीसीओएसमध्ये मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे पट्टी उगाचच ‘आज’ म्हणते.

इनोसिटॉलची पावडर किंवा गोळ्या महिन्याला सहाशे ते दीड हजार. त्यांचे पुरावे अजून तोकडे आहेत. परवडत असतील आणि घ्यायच्या असतील तर घ्या, पण त्यासाठी टीएसएच किंवा नवऱ्याची तपासणी पुढे ढकलू नका. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते. ऐंशी किलोला चार किलो. बारीक बायकांनाही पीसीओएस असतं, त्यांना हा सल्ला देऊ नये.

तीन-चार चक्रांत बीज फुटूनही दिवस राहिले नाहीत, तर ट्यूब मोकळ्या आहेत का ते बघणारी एचएसजी, अडीच ते सहा हजार. पूर्वी क्षयरोग झालेला असेल तर ही आधीच करायची. मग आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, एका वेळेला पाच ते पंधरा हजार.

आयव्हीएफपर्यंत फार थोड्यांना जावं लागतं, पण जावं लागलं तर ‘एक लाखात आयव्हीएफ’ या पाटीवर जाऊ नका. त्यात बहुधा इंजेक्शनं नसतात, आणि ती एकटीच चाळीस ते नव्वद हजारांची होतात. भूल, इक्सी (बीजात शुक्राणू सुईने सोडणं), भ्रूण गोठवणं, गोठवल्याचं वार्षिक भाडं, नंतर ते सोडण्याचा खर्च, हे सगळं वेगळं लेखी मागा. पूर्ण चक्र दीड ते अडीच लाखांत धरा. पीसीओएसमध्ये अंडाशयं इंजेक्शनला जास्त प्रतिसाद देतात, पोटात पाणी होण्याचा धोका असतो, म्हणून पुष्कळदा भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडतात. तेव्हा गोठवण्याचा खर्च तुमच्या बाबतीत ‘कदाचित’ या रकान्यात टाकू नका.

क्लिनिक २०२१च्या एआरटी कायद्याखाली नोंदणीकृत आहे का ते विचारा. त्या कायद्यानुसार उपचारासाठी स्त्रीचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ हवं. आयव्हीएफच्या उपचारशुल्कावर जीएसटी लागत नाही, हे केंद्राने २०२२ साली परिपत्रकाने स्पष्ट केलं आहे. बिलात दिसला तर कशावर लावला ते विचारा. आरोग्यविम्याच्या कागदांत ‘एक्स्क्लूजन १७’ शोधा, वंध्यत्व आणि आयव्हीएफ वगळणारं कलम तेच. नोकरीच्या ठिकाणचा समूह विमा कधीकधी यापलीकडे जातो, तेव्हा एचआरला विचारायला लाजू नका. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी सीजीएचएसकडे उपचार सुरू होण्याआधी मंजुरी मागावी.

खाजगी परवडत नसेल तर वर सांगितलेल्या सुरुवातीच्या बऱ्याचशा तपासण्या आणि गोळ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत नाममात्र पैशांत होतात. मुंबईत परळला आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेत पीसीओएसची ओपीडी आहे. गोव्यात राहणाऱ्यांसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) २०२३ पासून आयव्हीएफ मोफत आहे. रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं. जाताना नवऱ्याचा अहवाल, गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि चालू गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून न्या. बहिणीने पुढच्या वेळी हेच केलं, आणि डॉक्टरांनी नव्याने फक्त दोनच तपासण्या लिहून दिल्या.