किशोरवयीन चालक आणि विचलित लक्ष

गोवर, घटसर्प, पोलिओ यांपासून ज्या बालकाला आपण लसीकरणाने जपतो, तेच मूल सोळाव्या-सतराव्या वर्षी स्कूटर घेऊन क्लासला निघते, तेव्हा एका नव्या धोक्याच्या क्षेत्रात प्रवेश करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे प्रमुख कारण रस्ते अपघात हे आहे. भारतात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ व्यक्ती रस्त्यांवर प्राणास मुकल्या. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. म्हणूनच वाहन चालविण्याचे शिक्षण हा विषय केवळ परिवहन कार्यालयावर सोपवून चालणार नाही.

कौशल्य आणि परिपक्वता

हात, पाय व डोळे यांचा समन्वय या वयात उत्तम असतो; गाडी हाकण्याचे कौशल्य लवकर येते. परंतु धोक्याचा अंदाज घेणे, मोह आवरणे आणि अनेक गोष्टींतून महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष देणे ही कार्ये मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असतात व त्या भागाचा विकास विशीच्या मध्यापर्यंत चालू राहतो. 'आमचा मुलगा गाडी छान चालवतो' हे विधान खरे असले तरी पुरेसे नाही, ते यामुळेच. गार्डनर व स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगणकावरील गाडी चालविण्याच्या खेळात किशोरांनी एकटे असतानापेक्षा मित्रांच्या उपस्थितीत बरीच अधिक जोखीम पत्करली. प्रौढांत तसा फरक दिसला नाही.

लक्ष कसे ढळते?

लक्ष तीन प्रकारे ढळते : नजर रस्त्यावरून हटते, हात हँडलवरून सुटतो किंवा मन अन्यत्र जाते. फोनवरील संदेश वाचताना हे तिन्ही एकदम घडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. दोन सेकंद नजर फोनवर गेली, की २२ मीटर रस्ता न पाहताच ओलांडला जातो. एखादी रिक्षा वळण्यास किंवा गाय आडवी येण्यास एवढा अवधी पुरे असतो.

हेल्मेटमध्ये फोन खोचून अथवा कानात इअरफोन घालून बोलणारी मुले आपण रोज पाहतो. हात मोकळे असल्याने आपण सुरक्षित आहोत, असा त्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. संभाषणात मन गुंतले, की डोळ्यांसमोरची वस्तूही मेंदूपर्यंत पोहोचत नाही. वाहन चालविताना फोन वापरल्यास अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या साधनांनी हा धोका फारसा कमी होत नाही.

येथे पालकांनी एक प्रश्न स्वतःलाही विचारावा : तो फोन कोणाचा असतो? 'कुठवर आलास?' हे विचारणारी व्यक्ती बहुधा घरचीच असते. आईचा फोन उचलला नाही तर बोलणी बसतील, या धास्तीने मूल चालत्या गाडीवर फोन घेते. काळजीपोटी केलेला फोनच असा संकटाचे कारण ठरू शकतो.

कायदा काय सांगतो?

वाहन परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. सोळाव्या वर्षीची सवलत ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरतीच आणि पालकांच्या संमतीनेच आहे. घरोघरी असणाऱ्या ११० वा १२५ सीसीच्या स्कूटर तिच्यात बसत नाहीत. २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

पालकांनी काय करावे?

१. अठरा वर्षांपूर्वी किल्ली देऊ नये. मात्र शिक्षण आधीच सुरू करावे : मूल शेजारी वा मागे बसले असता 'पुढे कोणता धोका दिसतो?' असे विचारावे.
२. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो. तीस दिवस उलटताच परीक्षेची घाई न करता हा काळ सरावासाठी वापरावा.
३. पहिले वर्षभर मित्रांना मागे बसवणे व रात्री गाडी चालवणे टाळावे.
४. फोन आवाज बंद करून डिकीत ठेवावा. 'निघालो' आणि 'पोहोचलो' एवढेच कळवावे. मधल्या वेळात घरातून कोणीही फोन करू नये.
५. हे नियम वडिलांनी व आईने प्रथम स्वतः पाळावेत. मुले उपदेशापेक्षा अनुकरणातून अधिक शिकतात.

सहव्यवसायी मित्रांनाही एक विनंती आहे. दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाच्या लशीसाठी मुले आपल्याकडे येतात. सोळाव्या वर्षीच्या त्या भेटीत 'गाडी चालवतोस का? आणि फोन कुठे ठेवतोस?' हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. त्यासाठी एक मिनिट लागते, आणि पालकही तेथेच बसलेले असतात.