अंथरूण ओले करणारी मुले आणि पालकांचे कर्तव्य

सहा-सात वर्षांचे झाल्यावरही झोपेत अंथरूण ओले करणारे मूल अनेक घरांत असते. घराबाहेर याची वाच्यता होत नाही; घरात मात्र रागावणे, मारणे, भावंडांदेखत हिणवणे, ओली गोधडी मुलालाच सर्वांसमक्ष वाळत घालावयास लावणे असे प्रकार घडतात. मूल आळशी वा हट्टी आहे, ही समजूत त्यामागे असते. वैद्यकशास्त्राचा या समजुतीस आधार नाही.

पाच वर्षांच्या दर १०० मुलांपैकी सुमारे १५, तर दहा वर्षांच्या १०० पैकी सुमारे ५ मुलांना हा त्रास असतो. रात्री मूत्रनिर्मिती मंदावणारे संप्रेरक पुरेसे न स्रवणे, मूत्राशय भरूनही जाग न येणे आणि मूत्राशयाची धारणशक्ती कमी असणे ही त्याची प्रमुख कारणे होत. बद्धकोष्ठतेमुळे त्यात भर पडते. आईवडिलांना लहानपणी हा त्रास झालेला असल्यास मुलातही तो संभवतो. झोपेत घडणाऱ्या क्रियेवर मुलाची इच्छा चालत नाही. म्हणूनच शिक्षेने ती थांबत नाही. उलट भीती व लाज मात्र वाढते.

उपाय साधे आहेत. मुलाने दिवसा पुरेसे पाणी प्यावे, सायंकाळनंतर ते कमी करावे, चहा टाळावा आणि निजण्यापूर्वी लघवीस जावे. अंथरुणावर मेणकापड घालावे. या सवयी पाळल्याबद्दल मुलाचे कौतुक करावे. एवढ्याने न भागल्यास ओल लागताच वाजणारी घंटा अथवा औषध यांचा उपयोग डॉक्टरांच्या सल्ल्याने होतो.

सहा महिने वा अधिक काळ अंथरूण कोरडे राहून त्रास पुन्हा सुरू झाल्यास, लघवीस जळजळ, अति तहान, वजनात घट किंवा दिवसाही कपडे ओले होणे आढळल्यास तपासणीस विलंब लावू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग वा मधुमेह त्यामागे असू शकतो. घरातील मृत्यू, शाळाबदल किंवा मुलाशी झालेले दुर्वर्तन हेही कारण असू शकते.

शिक्षकांनी वर्ग चालू असतानाही मुलांना लघवीस जाऊ द्यावे. आश्रमशाळा व वसतिगृहांतील अधीक्षकांनी जादा चादरी ठेवून त्या गाजावाजा न करता बदलण्याची सोय करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत आल्यास अशा मुलाची माहिती त्यास खाजगीत द्यावी. शाळांतील स्वच्छतागृहे वापरण्याजोगी ठेवण्याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे.

बहुतेक मुलांचा हा त्रास वयाबरोबर नाहीसा होतो. त्या काळात झालेल्या अपमानाची आठवण मात्र मोठेपणीही पुसली जात नाही.