बाळ अंगावर पीत नाही? : पहिल्या दहा दिवसांतील अडचणी व उपाय

गाय व्याली की जाणता शेतकरी वासराला तासाभरात चीक पाजतो. चीक न मिळालेले वासरू रोगांना लवकर बळी पडते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. मात्र त्याच घरात सून बाळंत झाली की पहिला चीक 'जड असतो, बाधतो' म्हणून काही ठिकाणी अजूनही पिळून टाकला जातो आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा गाईचे दूध चाटवले जाते. स्तनपानाच्या बऱ्याच अडचणी इथूनच सुरू होतात. त्या वेळीच ओळखल्या, तर बहुतेक अडचणी घरच्या घरी दूर करता येतात.

पहिल्या तीन दिवसांत काय अपेक्षावे?

बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवून अंगावर घ्यावे. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले असले तरी आई शुद्धीवर असल्यास परिचारिकेच्या मदतीने आडवे राहून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजता येते. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर, घट्ट चीक थोडाच येतो. एका वेळी चमचा-दोन चमचेच असला तरी नवजात बाळाचे पोट लहान असल्याने तेवढा पुरतो. चिकात रोगप्रतिकारक घटक भरपूर असतात. भरपूर दूध साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरते. पहिलटकरणीला किंवा शस्त्रक्रियेनंतर थोडा अधिक वेळ लागू शकतो.

नेमक्या याच काळात बाळ रडते, छाती मऊ लागते आणि घरात कोणीतरी म्हणते, 'हिला दूधच नाही.' मग वरच्या दुधाची बाटली येते. पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते आणि दूध कमी ओढले गेले की ते कमी तयार होते. दुभत्या जनावराची कास रोज पूर्ण मोकळी केली नाही तर ते आटते, तसाच हा प्रकार आहे. बाळाने जितके ओढावे, तितके दूध वाढते.

अडचण १ : बाळ नीट ओढत नाही

बाळाने नुसते स्तनाग्र तोंडात धरले तर दूध कमी येते आणि आईला दुखते. पाजताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) बाळाचे डोके, पाठ व कंबर एका रेषेत असावी. मान वळलेली नसावी.
२) बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे व सर्व अंगाला हाताचा आधार असावा.
३) बाळाने मोठा 'आ' केल्यावरच त्याला स्तनाजवळ आणावे. आईने पुढे वाकू नये.
४) हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या बाजूला अधिक दिसत असावा.

बाळ सावकाश, खोल ओढून गिळत असेल तर ते नीट लागले असे समजावे. 'चुकचुक' आवाज येत असेल, गाल आत जात असतील किंवा आईला सतत दुखत असेल, तर स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून त्याला हळूच सोडवावे व पुन्हा लावावे.

दिवसरात्र मिळून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे. पहिल्या आठवड्यांत बाळ तीन तासांपेक्षा जास्त झोपले तर दुपटे सैल करून, तळपाय चोळून उठवावे. रात्रीचे पाजणे टाळू नये.

अडचण २ : स्तनाग्र दुखणे, चिरणे

याचे मुख्य कारण बाळ चुकीचे लागणे हेच असते. पाजणे बंद न करता बाळाची पकड सुधारावी. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब दूध स्तनाग्रावर लावून वाऱ्यावर सुकू द्यावे. दर वेळी साबणाने धुऊ नये. साबणाने त्वचा कोरडी पडून अधिक चिरते. रोजच्या आंघोळीची स्वच्छता पुरेशी आहे.

अडचण ३ : स्तनाग्र आत ओढलेले असणे

बाळ स्तनाग्राला नव्हे, तर भोवतालच्या भागासह स्तनाला लागते. त्यामुळे चपटे किंवा आत गेलेले स्तनाग्र असले तरी बहुतेक मातांना पाजता येते. पाजण्यापूर्वी बोटांनी हळूच बाहेर घ्यावे. ते न जमल्यास इंजेक्शनच्या सुई नसलेल्या सिरिंजने स्तनाग्र बाहेर काढण्याची सोपी पद्धत आहे. ती परिचारिकेकडून समक्ष शिकून घ्यावी.

अडचण ४ : छाती भरून दगडासारखी होणे

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते आणि पाजणे कमी पडले तर स्तन ताठरतात व ठणकतात. अशा वेळी बाळाला ते तोंडात धरता येत नाही. पाजण्यापूर्वी थोडा वेळ कोमट ओल्या फडक्याने शेकावे व थोडे दूध हाताने काढून काळसर भाग मऊ करावा. मग बाळाला लावावे. पाजल्यानंतर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. जोराने चोळू नये, सूज वाढते.

एखादा भाग लाल, गरम व दुखरा झाला, ताप-थंडी आली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. इथे एक फरक ध्यानात ठेवावा. गाईला दगडी झाली की आपण त्या सडाचे दूध टाकून देतो. आईच्या बाबतीत मात्र पाजणे चालूच ठेवायचे असते. पाजणे एकदम थांबवले तर दूध साचून गळू होण्याचा धोका वाढतो.

अडचण ५ : 'दूध पुरत नाही' ही शंका

रडणे हे केवळ भुकेचे लक्षण नाही. खात्री पुढीलप्रमाणे करावी :

- पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा अधिक वेळा फिकट लघवी होणे.
- काळी-हिरवी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी होणे.
- पहिल्या दिवसांत घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत जन्मवजनाइतके होणे. वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत घटू शकते. ३ किलोच्या बाळाचे वजन ३०० ग्रॅमपर्यंत घटले तर घाबरू नये, पण तपासून घ्यावे. त्याहून अधिक घट झाल्यास लगेच दवाखान्यात न्यावे.

ही लक्षणे नसतील तर अंदाजावर न राहता बाळाचे वजन करून घ्यावे. डॉक्टरांनी पूरक दूध सांगितले तर ते जरूर द्यावे, मात्र बाटलीऐवजी वाटी-चमच्याने द्यावे आणि अंगावर पाजणेही चालू ठेवावे. यात आईचा काही दोष नसतो.

कमी वजनाच्या बाळाला ओढण्याची ताकद नसेल तर आईचे दूध उकळलेल्या वाटीत हाताने काढून चमच्याने पाजावे. झाकून सावलीत ठेवलेले दूध सुमारे चार तास टिकते. कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे.

घरच्यांनी काय करावे?

अनोळखी हात लागला किंवा जनावर भेदरले की ते पान्हा चोरते, हे दूधवाल्या घरात सांगावे लागत नाही. मनावर ताण, अपुरी झोप व टोमणे यांनी आईचाही पान्हा अडतो. म्हणून सासूबाईंनी व नवऱ्याने बाळंतिणीची इतर कामे उचलावीत, तिला रात्री पाजताना पाणी द्यावे, धीर द्यावा. तिला दररोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, अंडी हा साधा आहार द्यावा. हळीव, डिंकाचे लाडू आवडीने द्यावेत, पण जेवणाऐवजी नव्हे. पाणी तोडू नये. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने चालू ठेवाव्यात.

बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. घुटी, ग्राइप वॉटर, मध, इतकेच काय, उन्हाळ्यात पाणीही नको. मध तर वर्षभर देऊ नये. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र द्यावे.

बाळाला ताबडतोब दवाखान्यात केव्हा न्यावे?

- बाळ अजिबात ओढत नाही किंवा उठवूनही सुस्त राहते.
- अंग गार किंवा तापलेले आहे.
- श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक आहे, छाती आत ओढली जाते.
- झटके येतात.
- पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसते किंवा तळहात-तळपाय पिवळे होतात.
- लघवी फार कमी होते.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशा ताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर एकदा बाळाला पाजून दाखवावे व संकोच न करता विचारावे. आजारी नवजात बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात आणि तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

भगिनींनो, पेरणीनंतरचे पहिले काही दिवस जसे पुढच्या पिकाचे भवितव्य ठरवतात, तसेच बाळाचे हे पहिले दहा दिवस. या दिवसांत आईला बाटलीपेक्षा शेजारी बसून 'जमेल तुला' म्हणणाऱ्या माणसाची गरज अधिक असते. ते माणूस आपल्याच घरात असावे.